पुलावरून कोण येतंय ते पाहा

कोल्हापुरात राज्यशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आला आहे: "लष्करी उठाव म्हणजे शेवटी वरच्या खुर्चीवरचा माणूस बदलणं. मग सामान्य माणसाच्या सुरक्षिततेवर त्याचा एवढा परिणाम का होतो? आणि एका देशातल्या उठावाने सगळा प्रदेश अस्थिर होतो म्हणतात, तो नेमका कसा?" म्यानमारचं उदाहरण घेतलं तर बरं, असंही तिने लिहिलं आहे, आणि शेवटी विचारलं आहे, हे किती चालेल?

मी राज्यशास्त्राची नाही, डॉक्टर आहे. लहान मुलांचं लसीकरण आणि कुपोषण हे माझं काम. गेली अठरा-एकोणीस वर्षं ते मी बहुतेक निर्वासितांच्या छावण्यांमध्ये केलं. २०१७-१८ मध्ये बांगलादेशात कॉक्स बझारला होते, आणि २०२१ पासून मिझोरामच्या चंफाई जिल्ह्यात वरचेवर जाऊन राहते. त्यामुळे उत्तरही तिथूनच देते.

चंफाईपासून सव्वीस-सत्तावीस किलोमीटरवर झोखावथर नावाचं गाव आहे. खाली तिआऊ नदी, तिच्यावर लोखंडी पूल, पलीकडे म्यानमारचं चिन राज्य. पावसाळा सोडला तर तिआऊ म्हणजे मोठा ओढाच, पोरं पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून पार करतात. पूल ओलांडून थोडं चालत गेलं की रिह दिल हे तळं लागतं. मिझोरामचं सगळ्यात मोठं तळं म्यानमारमध्ये आहे, असं मिझो लोक सांगतात. मेलेल्या माणसाचा आत्मा त्या तळ्यावरून पुढे जातो अशी त्यांची जुनी समजूत आहे. सीमा इंग्रजांच्या कारभारात आखली गेली. नदीच्या दोन्ही काठांना नातीगोती, देऊळ म्हणजे चर्च, बाजार, सगळं एकच राहिलं. हे मनात धरून पुढचं वाच.

त्या पुलावरून १ फेब्रुवारी २०२१ नंतर कोण कोण आलं आणि कुठल्या क्रमाने आलं, एवढं नीट सांगितलं तरी तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर होतं.

आधी घटना. नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत आँग सान सू ची यांच्या पक्षाने ४७६ पैकी ३९६ जागा जिंकल्या होत्या. १ फेब्रुवारीला नवी संसद बसायची होती. त्याच पहाटे सरसेनापती मिन आँग ह्लाइंग यांनी सू ची आणि राष्ट्राध्यक्ष विन मिंट यांना ताब्यात घेतलं आणि मतदार याद्यांत घोळ असल्याचं सांगून आणीबाणी लावली. २००८ च्या राज्यघटनेने संसदेतल्या पाव जागा आणि संरक्षण, गृह, सीमा ही तिन्ही खाती लष्कराला आधीच देऊन ठेवली होती. त्यामुळे 'वरचा माणूस बदलला' हे तुझं म्हणणं त्या दिवशी पटलंही असतं. रणगाडे आले, फोन बंद झाले, पण रस्त्यावर गोळी चालली नव्हती.

पुढचं सगळं ठरलं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कामावर कोण आलं यावरून. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आणि नर्सनी काम थांबवलं, आणि त्यात मंडाले पुढे होतं. (मंडाले म्हटलं की आपल्याला टिळकांचा तुरुंग आठवतो. त्यांनी सहा वर्षं काढली ते हेच शहर.) मग शिक्षक, रेल्वेवाले, बँकेतले कारकून, कस्टमचे लोक घरी बसले. रात्री आठ वाजता घरोघरी भांडी बडवायला लागली. अवदसा घराबाहेर घालवायची तिकडची जुनी रीत आहे ती.

थायलंडमध्ये मे २०१४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा असं झालं नव्हतं. तिथेही संचारबंदी लागली, माणसं तुरुंगात गेली, लोकशाहीचं नुकसान व्हायचं ते झालंच. पण तलाठ्याच्या तोडीचा कारकून टेबलावर येत राहिला, लस वेळेवर टोचली गेली, पगार जमा झाला. म्यानमारमध्ये लोकांनी राजवट मान्य करायला नकार दिला आणि लष्कराने त्यांना हातात बंदूक घेऊन कामावर आणायचं ठरवलं. प्रत्येक उठावाने देश मोडतोच असं मी म्हणणार नाही. ज्या देशात आधीच डझनावारी सशस्त्र गट डोंगरात आहेत आणि लोकांनी दहा वर्षं थोडी मोकळी हवा घेतली आहे, तिथे मात्र तो मोडतो.

पुलावरून पहिले आले ते पोलीस. मार्च २०२१ चे पहिले दिवस. वीस-बावीस वर्षांची मुलं, काहींच्या पायात अजून खात्याचे बूट. निदर्शकांवर गोळी घालायचा हुकूम आला आणि तो मानायचा नाही म्हणून हे निघून आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २७ मार्चला, तिकडच्या सेनादिनी एका दिवसात शंभरावर माणसं मारली गेली.

पोलिसांपाठोपाठ आमदार आले, जूनमध्ये तर चिन राज्याचे मुख्यमंत्रीच मिझोरामला आले. त्यांच्या मागे शिक्षक आणि नर्स.

राज्यकर्ते पळून आले की बातमी होते. नर्स पळून आली की होत नाही. मला मात्र तिच्या येण्याची जास्त धास्ती वाटते, कारण ती जिथून आली तिथे आता कोणी उरलेलं नाही हे मला कळतं.

२०२२ च्या सुरुवातीला छावणीतल्या लसीकरणाच्या दिवशी एक बाई मुलीला घेऊन आली. तिने ब्लाउजच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत घडी घातलेलं कार्ड, बर्मी अक्षरांतलं. भाषा मला वाचता येत नव्हती, पण लसीकरणाचं कार्ड जगात कुठलंही असलं तरी त्याचे रकाने ओळखू येतात. बीसीजीची तारीख होती, पहिल्या पेंटाची होती, दुसऱ्या पेंटाची होती. शेवटची नोंद जानेवारी २०२१ ची. फेब्रुवारीच्या रकान्यात पेन्सिलने तारीख लिहून ठेवली होती आणि पुढे काहीच नव्हतं. गावातली नर्स बंदावर गेली, मग तिच्या नावाने वॉरंट निघालं, मग ती जंगलात गेली. लशीचा फ्रिज होता त्या उपकेंद्रात सैनिक राहायला आले. मुलीचं वजन केलं, दंडाचा घेर मोजला, पट्टी पिवळ्यात होती, म्हणजे मध्यम कुपोषण. त्या दिवशी तशी नऊ कार्डं माझ्यासमोर आली. सगळ्यांची नोंद त्याच दोन महिन्यांत तुटलेली.

'मानवी सुरक्षा' हा शब्द १९९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या अहवालातून रूढ झाला. पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांचं ते काम. सुरक्षा म्हणजे देशाच्या सीमेची राखण एवढंच नाही. माणसाची मिळकत, अन्न, आरोग्य, भोवतालचं पर्यावरण, अंगावर हात न पडणं, आपल्या समाजात नांदता येणं आणि राजकीय हक्क, या सातही गोष्टी सुरक्षा आहेत, असं त्यांनी मांडलं. परीक्षेत तू ही सात नावं लिहिशील. माझ्यासाठी ती सातही त्या कार्डावरच्या कोऱ्या रकान्यात आहेत.

आरोग्याचंच पुढे सांगते. जुलै २०२१ मध्ये तिकडे डेल्टाची लाट आली. आपल्याकडची एप्रिल-मेची लाट आठव, ऑक्सिजनसाठीच्या रांगा आठव. तशाच रांगा यांगूनमध्ये लागल्या, आणि राजवटीने खासगी लोकांना सिलिंडर भरून द्यायला कारखान्यांना मनाई केली. लोक घरातच मेले. जे डॉक्टर संपावर राहून घरोघर चोरून रुग्ण तपासत होते त्यांना पकडलं गेलं. शेकडो आरोग्य कर्मचारी तुरुंगात गेले. मलेरियाचं तर मी आकड्यातच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये म्यानमारमध्ये मलेरियाचे सुमारे ७८ हजार रुग्ण होते, २०२२ मध्ये ५ लाख ८४ हजार. डास तेच, जंगल तेच. गावात रक्त तपासून गोळ्या देणारा स्वयंसेवक उरला नाही, आणि घर सोडून जंगलात झोपणारी माणसं वाढली. हा मलेरिया थायलंडच्या सीमेवर दिसला, मिझोराममध्येही दिसतो. मानवी सुरक्षा आणि प्रादेशिक स्थैर्य हे अभ्यासक्रमात दोन धडे असतील. डासाला ते दोन आहेत हे माहीत नाही.

पैशाचं. उठावानंतर काही आठवडे बँका बंदच होत्या. उघडल्या तेव्हा पहाटे टोकन घ्यायचं, दिवसाला ठरावीक रक्कम मिळायची. खात्यात आकडा आहे पण हातात नोट नाही. दलाल कमिशन कापून रोकड द्यायला लागले. उठावाआधी डॉलरला साधारण १,३३० क्याट पडायचे. ऑगस्ट २०२४ पर्यंत काळ्या बाजारात ७ हजारांच्याही वर गेले, आणि सरकारी दर २,१०० वर बांधून ठेवलेला. जागतिक बँकेच्या हिशेबात २०२१ च्या आर्थिक वर्षात अर्थव्यवस्था १८ टक्क्यांनी आकसली. दारिद्र्यरेषेखालची माणसं २०१७ मध्ये पाव होती, २०२३ अखेर जवळजवळ निम्मी झाली.

हा क्याट लातूरपर्यंत कसा पोचतो ते सांगते, कारण माझं माहेर लातूरचं. आमच्या आडत बाजारात बर्माच्या तुरीला 'लेमन' म्हणतात. म्यानमार तूर पिकवतो ती जवळजवळ भारतासाठीच, तिकडे ती फारशी खात नाहीत. उडदाचाही आपला मोठा पुरवठा तिथूनच. २०२१ मध्येच भारताने करार केला, की पाच वर्षं दरसाल अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर तिकडून येऊ द्यायची. आता निर्यातदाराला मिळालेले डॉलर सक्तीने सरकारी दराने मोडायला लावले, तर तो माल गोदामात दाबून ठेवतो, दर सुधारायची वाट बघतो. मग लातूर-अकोल्याच्या दालमिलवाल्याला भाव कळत नाही. २०२४ च्या सुरुवातीला रुपया-क्याट अशी थेट देवघेव सुरू करावी लागली ती याच अडचणीतून. माझे काका फोनवर माझी तब्येत विचारायच्या आधी विचारायचे, "बर्मात काय चाललंय गं? लेमन येणार का?" मला राग यायचा. पुढे लक्षात आलं, की तो माणूस त्याच गोष्टीचं दुसरं टोक धरून बोलतो आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२१ मध्ये पुलावरून गावंच्या गावं यायला लागली.

चिन राज्यात डोंगरमाथ्यावर थांतलांग नावाचं सुमारे दहा हजार वस्तीचं गाव होतं. सप्टेंबरमध्ये तिथे तोफा डागल्या, लोक पळाले. २९ ऑक्टोबरला पुन्हा मारा झाला आणि एका दिवसात दीडशेहून जास्त घरं जळाली, चर्चसुद्धा. तोवर निर्वासितांचं सामान दोन पिशव्यांचं असायचं. थांतलांगचे लोक शिवणयंत्र, कोंबड्या, पत्रे घेऊन आले. माणूस घराचे पत्रे उचकटून आणतो तेव्हा तो लवकर परतायचं धरून चाललेला नसतो.

हे लष्कराचं नवं तंत्र नव्हे. १९६० च्या दशकापासून ते याला 'चार तोड' म्हणतात: बंडखोरांचं अन्न तोडायचं, पैसा तोडायचा, खबरी तोडायच्या, भरती तोडायची. या चारही गोष्टी गावातूनच येत असल्यामुळे तोडायचं असतं ते गाव. आधी हे सीमेवरच्या करेन, काचिन, चिन लोकांच्या वाट्याला यायचं. २०२१ नंतर ते सगाइंगसारख्या बहुसंख्य बर्मी, बौद्ध भागात आलं. तिथल्या पझिगी गावावर ११ एप्रिल २०२३ ला विमानातून बॉम्ब टाकले तेव्हा दीडशेच्या वर माणसं गेली. गावात एका कार्यालयाचं उद्घाटन होतं, जेवण होतं, मुलं होती. भूसुरुंगांचं पाहायचं तर २०२३ मध्ये जगात सगळ्यात जास्त बळी म्यानमारमध्ये नोंदले गेले, हजाराच्या वर. उठावाआधी देशात विस्थापित होते साडेतीन-पावणेचार लाख. २०२५ मध्ये ते ३५ लाखांवर गेले. दीड कोटीहून जास्त लोकांना पोटभर मिळत नाही असं संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचं म्हणणं आहे. देशाची लोकसंख्या साडेपाच कोटींच्या आत आहे, हे लक्षात घेऊन हे आकडे वाच.

आता नदीच्या अलीकडचं. १० मार्च २०२१ ला केंद्रीय गृह मंत्रालयाने ईशान्येकडच्या सीमावर्ती राज्यांना पत्र लिहिलं, की येणाऱ्यांना रोखा. राज्यांना कुणाला निर्वासित ठरवायचा अधिकार नाही. कायद्याने ते बरोबर आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना कळवलं, की ही आमच्याच रक्ताची माणसं आहेत, पाठ फिरवता येणार नाही. ऑगस्ट अखेर राज्याच्या शिक्षण खात्याने निर्वासितांच्या मुलांना शाळेत घ्यायला सांगितलं. तांदूळ, बांबू, ताडपत्री गोळा केली ती यंग मिझो असोसिएशनच्या गावोगावच्या शाखांनी आणि चर्चनी. सुमारे अकरा-बारा लाखांच्या राज्याने तीस हजारांहून अधिक माणसं ठेवून घेतली.

मी त्या लोकांना हात जोडते. पण डॉक्टर म्हणून हेही पाहिलं, की माया असली तरी पाण्याची टाकी तेवढीच असते. झोखावथरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जिथे दिवसाला वीस रुग्ण यायचे तिथे शंभर यायला लागले. रोजंदारीचा दर उतरला. स्थानिक बायका आधी डाळ-तांदूळ आणून द्यायच्या, तिसऱ्या वर्षी त्याच विचारायला लागल्या, हे परत कधी जाणार? त्यांच्यात वाईटपणा आला नव्हता, दमल्या होत्या. अस्थिरता म्हणतात ती अशीच आत शिरते, दमलेल्या यजमानाच्या दारातून.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पुलावर जे दिसलं ते मी आधी कुठल्याच छावणीत पाहिलं नव्हतं. २७ ऑक्टोबरला उत्तर शान राज्यात तीन सशस्त्र गटांनी मिळून मोठा हल्ला चढवला होता, आणि त्याच्या झळीने चिन गटांनीही पलीकडची लष्करी ठाणी घेतली. दोन दिवसांत पाच हजारांवर माणसं अलीकडे आली. आणि त्यांच्या मागोमाग सैनिक आले! ज्यांच्या भीतीने माणसं पळत होती तेच, चाळीसच्या वर, जखमी, शस्त्रं टाकून. आपल्या जवानांनी त्यांना ताब्यात घेतलं आणि हवाई मार्गाने मणिपूरच्या सीमेवरच्या मोरेला नेऊन परत धाडलं. जानेवारी २०२४ मध्ये दक्षिणेला लॉंगतलाई जिल्ह्यात आणखी २७६ आले. त्यांना न्यायला आलेलं म्यानमारचं विमान लेंगपुईच्या धावपट्टीवरून घसरलं. बांगलादेशातही त्याच सुमारास तीनशेच्या वर सीमारक्षक पळून गेले. ज्या लष्कराने 'स्थैर्यासाठी' सत्ता घेतली म्हटलं, त्याची तीन वर्षांनी आपल्याच सीमेवर उभं राहायची ताकद उरली नव्हती.

१० फेब्रुवारी २०२४ ला त्यांनी सक्तीच्या भरतीचा कायदा लागू केला, १८ ते ३५ चे मुलगे, १८ ते २७ च्या मुली. तेव्हापासून पुलावरून एकेकटी तरुण मुलं येऊ लागली. त्यांच्या आया मागेच राहिल्या. छावणीत तरुण एकटा मुलगा हा सगळ्यात अवघड. त्याला काम नाही, शिक्षण तुटलेलं, आणि चंफाईच्या रस्त्याने हेरॉईन आणि याबाच्या (मेथअँफेटामाइन, म्हणजे मेथ, या नशेच्या) गोळ्या आधीपासून जातात. २०२३ मध्ये अफगाणिस्तानला मागे टाकून म्यानमार जगात सगळ्यात जास्त अफू पिकवणारा देश झाला. लढणाऱ्या प्रत्येक बाजूला पैसा हवा, आणि डोंगरात सगळ्यात लवकर पैसा देणारं पीक ते आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या तटरक्षक दलाने अंदमानजवळ म्यानमारची मासेमारी बोट पकडली, तिच्यावर पाच हजार किलोंहून जास्त मेथ होतं. याच सीमेवरून येणाऱ्या चोरट्या सुपारीचा माग नागपूरच्या पेढ्यांपर्यंत गेला आणि ईडीने तिथे छापे घातले. ती तस्करी उठावाच्या आधीची आहे, सगळं खापर उठावावर फोडायचं नाही. पण पलीकडे कस्टमचा माणूसच नसला की वाट रुंद होते.

थायलंडच्या बाजूच्या सीमेवर, म्यानमारच्या म्यावाडीला, हेच वेगळ्या रूपात झालं. लष्कराच्या आश्रयाने असलेल्या सशस्त्र टोळ्यांच्या हद्दीत केके पार्क, श्वे कोक्को अशा ठिकाणी ऑनलाइन फसवणुकीचे कारखाने उभे राहिले. नोकरीच्या आमिषाने बँकॉकला नेलेली मुलं सीमेवरची मोई नदी ओलांडून तिथे डांबली गेली. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना थायलंडमधल्या माए सोतहून परत आणलं. अशा सुटून आलेल्यांत महाराष्ट्रातली मुलंही आहेत. पुण्या-मुंबईत 'डिजिटल अरेस्ट'चा फोन आला की पलीकडे बसलेला माणूस स्वतःच कैदी असू शकतो.

मणिपूरबद्दल जपून लिहायला हवं. मे २०२३ पासूनच्या हिंसाचाराची मुळं मणिपूरच्या जमिनीत आणि राजकारणात आहेत, तो म्यानमारने लावलेला नाही. पण पलीकडून आलेली माणसं आणि पलीकडून आलेली शस्त्रं हे त्या भांडणात सरपण झालं, आणि 'निर्वासित' हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने सीमेवरच्या १६ किलोमीटरच्या मुक्त येण्याजाण्याची सोय बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुढे ती १० किलोमीटर आणि पासावर आणली. १,६४३ किलोमीटरच्या सीमेला कुंपण घालायचं काम हाती घेतलं. मिझोराममधून दक्षिणेला समुद्रापर्यंत जाणारा आपला कलादान प्रकल्प म्यानमारमधल्या ज्या पलेतवा गावातून जायचा, ते जानेवारी २०२४ मध्ये आराकान आर्मी या सशस्त्र गटाने घेतलं. आता दिल्लीला बोलायचं कुणाशी, राजधानी नेपिडोतल्या राजवटीशी की प्रत्यक्ष जमीन हातात असलेल्या गटाशी, हा प्रश्न रोजचा आहे. चीनने दोघांशीही बोलायचं ठरवलं आणि दोघांवरही दाब ठेवला. आग्नेय आशियाई देशांच्या आसियानने एप्रिल २०२१ मध्ये जकार्तात पाच कलमांवर सहमती केली, त्यातलं पहिलं कलम हिंसा ताबडतोब थांबवण्याचं होतं.

आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला असलेल्या साहेल पट्ट्यात माझ्या सहकाऱ्यांनी हाच क्रम पाहिला. माली, बुर्किना फासो, नायजर, तिघांत २०२० ते २०२३ दरम्यान उठाव झाले, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिन्ही देश पश्चिम आफ्रिकेच्या संघटनेतून बाहेर पडले. तो भाग मी स्वतः पाहिलेला नाही, म्हणून पुढे जात नाही.

उठावाआधी सगळं आलबेल होतं असं मात्र लिहू नकोस. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून जास्त रोहिंग्या नाफ नदी ओलांडून आले, तेव्हा सू ची सत्तेत होत्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयात त्या आपल्या देशाची बाजू मांडायला उभ्या राहिल्या. २०१७-१८ मध्ये मी कॉक्स बझारच्या कुतुपालोंग छावणीत होते. गोळी लागलेल्या बाळाचं ड्रेसिंग केलं आहे. ज्या लष्कराला तेव्हा जाब विचारला गेला नाही, त्यानेच साडेतीन वर्षांनी निवडून आलेल्या सरकारला तुरुंगात टाकलं. २०२४ मध्ये त्याच लष्कराने रोहिंग्या तरुणांना सक्तीने भरती केलं, आराकान आर्मीने त्यांच्यावर सूड उगवला, आणि दीड वर्षात आणखी दीड लाख बांगलादेशात आले. विरोधकही सगळे धुतल्या तांदळाचे नाहीत. जुलै २०२५ मध्ये दोन चिन गटच एकमेकांशी लढले आणि चार हजारांच्या आसपास माणसं पुन्हा आमच्या पुलावर आली. त्यांतल्या काही बायांना मी २०२१ मध्येही भेटले होते. त्या मधे परत गेल्या होत्या, घर बांधलं होतं.

हे किती चालेल, असं तू शेवटी विचारलंस. डिसेंबर २०२५ मध्ये राजवटीने टप्प्याटप्प्याने निवडणूक सुरू केली, पण तेव्हा देशाचा मोठा भाग तिच्या हातातच नव्हता. त्यापेक्षा मोरेला जाऊन ये, असं मी म्हणेन. मणिपूरच्या त्या सीमेवरच्या गावात तमिळ लोकांची वस्ती आहे, दाक्षिणात्य गोपुराचं देऊळ आहे. १९६२ मध्ये जनरल ने विन यांनी उठाव केला, भारतीयांची दुकानं-पेढ्या सरकारजमा केल्या, लाखो लोकांना देश सोडावा लागला. त्यांतले काही जमिनीच्या वाटेने परत बर्माला निघाले, सीमेवर अडवले गेले आणि तिथेच राहिले. त्यांची नातवंडं आज मोरेत दुकानं चालवतात.

हे असं पिढ्यानपिढ्या चालू शकतं, म्हणून चंफाईत आम्ही सध्या एका गोष्टीच्या मागे लागलो आहोत: छावणीत जन्मलेल्या प्रत्येक मुलाची जन्मनोंद. आईबाप कुठलेही असोत, भारतात झालेला जन्म नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याने नागरिकत्व मिळत नाही, पण हे मूल या तारखेला या आईच्या पोटी जन्मलं एवढा कागद राहतो. बरेचसे बाप घाबरतात, नाव लिहिलं की परत पाठवतील म्हणून. त्यांना पटवायला दर वेळी अर्धा-पाऊण तास जातो. २०२१ मध्ये जन्मलेली पहिली मुलं शाळेत जाऊ लागली आहेत, आणि शाळा पहिल्या दिवशी तोच कागद मागते.